न मोडलेली गिटार

९ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कामाचं बोलतो.

चिरंजीवांची गिटार घर बदलताना मोडली, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. मी आपलं सहज विचारलं होतं, हल्ली वाजवतो का म्हणून. तुझं उत्तर वाचून जीव चुटपुटत राहिला. मग म्हटलं, नुसतं हळहळत काय बसायचं? उभा जन्म लाकडात गेला आपला. ओतकामाच्या कारखान्यात मी जे लाकडी नमुने करायचो, त्यांच्यावरून वाळूत साचे पडायचे आणि त्या साच्यांत लोखंड ओतलं जायचं. पंपाचं पोट म्हणू नको, इंजिनाचं झाकण म्हणू नको, सगळं आधी या हातांनी लाकडात कोरलेलं. मग एक गिटार होणार नाही?

तर मी ती करायला घेतली आहे. विजेवरची. पोकळ पेटीची करायची तर पातळ फळ्या वाकवत बसावं लागतं, तेवढा धीर आता नाही. विजेवरचीला भरीव ठोकळा चालतो. तिचा आवाज लाकडाच्या पोटातून येत नाही, तारांखाली लोहचुंबकाचे डबे असतात त्यांतून येतो. ते डबे खालच्या मजल्यावरचा रेडिओवाला बसवून देणार आहे. तो म्हणाला, "काका, तुम्हाला तर ऐकू येत नाही, सूर कसा लावणार?" मी म्हटलं, "लाकूड दाताला लावून, हाडातून कळतो सूर. तू तुझं काम कर."

तुझ्या सासूबाई गेल्यापासून मागची खोली बंद होती, ती उघडली. लाकूड आवळून धरायचे शिकंजे गंजलेत, रंध्याचं पातं मात्र शाबूत आहे.

आता तुझं काम. एक, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. फोनवर मला काही समजत नाही, त्यामुळे माझ्या तोंडून फुटायचा प्रश्न नाही. तू सांभाळ. दोन, त्याच्या डाव्या हाताचं माप पाठव. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि पंजा ताणला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. गिटारीची मान त्याच्या मुठीत बसली पाहिजे. झोपेत दोरा लावून घे. घोरत असला तर काम आणखी सोपं.

बाबा

१५ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

बाबा,

गिटार मोडलेली नाही. ह्यांनी ती कामावरच्या एकाला देऊन टाकली.

मागच्या ऑगस्टमध्ये खोकी कापायच्या मशीनमध्ये ह्यांचा डावा हात गेला. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही अर्ध्यातून गेली. आता जखम भरली आहे, कामावरही जातात. तुम्हाला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली. मी म्हटलं, वडिलांपासून कसं लपवायचं? तर म्हणाले, "बाबा जन्मभर करवतीपुढे उभे राहिले आणि दहाच्या दहा बोटं घेऊन घरी आले. त्यांच्यापुढे मी हा हात धरू?"

तुम्ही विचारलंत तेव्हा मला काही सुचलं नाही. मोडली असं लिहून मोकळी झाले. मला काय माहीत, तुम्ही नवीन करायला बसाल.

मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, असं तुम्ही लिहिलं आहे. बाबा, कुठल्या

१५ जानेवारी

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून खूप हसू आलं. माप सोबत पाठवते आहे. दोऱ्याला गाठी मारल्या आहेत, निळा दोरा लांबीचा, पांढरा पंजाचा. ह्यांना काही कळलेलं नाही, घोरत होते. आम्ही सगळे मजेत आहोत. मागची खोली उघडलीत हे फार बरं केलंत. फक्त दगदग करू नका, आणि नाही झाली पूर्ण तरी काही बिघडत नाही.

तुमची सून

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

"नाही झाली तरी काही बिघडत नाही" म्हणे! तू चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतेस का, की एकच काच बसवली आहे, काही बिघडत नाही?

अंगाचा ठोकळा कापून झाला. दोन फळ्या सरसानं जोडल्या, वरून जोड दाखव म्हटलं तर तुला दाखवता येणार नाही. मान तुझ्या दोऱ्यावरून तासली. चांगला पंजा आहे पोराचा, माझ्यावर गेला आहे. मानेच्या पोटात लोखंडी सळई घातली, म्हणजे तारांच्या ओढीनं ती वाकायची नाही. आता वर आडव्या पट्ट्या ठोकतो आहे. त्यातली एक जरी केसभर सरकली तरी सूर जातो, म्हणून रोज दोनच ठोकतो, मग हात आखडतात.

रेडिओवाला परवा करवतीजवळ गप्पा मारत उभा होता. त्याला हाकललं. म्हटलं, या कामात मी दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन निवृत्त झालो, ते काय नशिबानं? ज्याचं लक्ष ठिकाणावर असतं त्याची बोटं जात नाहीत. चिरंजीवांनाही सांग, तिकडे मशीनवर असतो तेव्हा माझं हे वाक्य आठवत जा म्हणावं.

आणि त्याला आडून विचार, तारा जाड आवडतात की बारीक? तो चार ओळी का लिहीत नाही गं? रागावला आहे का माझ्यावर?

बाबा

२३ फेब्रुवारी

बाबा,

बारीक तारा. रागावलेले अजिबात नाहीत, कामाचा फार ताण आहे एवढंच. तुमचा निरोप दिला.

घाईत लिहिते आहे, दुकानात गर्दी आहे.

तुमची सून

२८ मार्च

सूनबाई,

तुझी पत्रं हल्ली तारेसारखी येतात. असो, संसार म्हटला की व्हायचंच.

इकडे रंगकाम संपलं! काय तपश्चर्या असते बाई ही. पॉलिश पेपरनं घासायचं, ओलं फडकं फिरवायचं, लाकडाचे रोम उभे राहतात, पुन्हा घासायचं. मग मधासारखा रंग, आणि त्यावर लॅकरचे थर. एक थर फवारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा फवारायचा. तिला तारेनं छताला टांगलं आहे. एका थरात डास चिकटून मेला. त्याला उकरून काढताना रेडिओवाला म्हणाला, "राहू द्या काका, तेवढाच एक रसिक." खिडक्या उघड्या टाकून, नाकाला फडकं बांधून सगळं केलं, काळजी नको. आता लॅकर आतून टणक झालं की शेवटची घासाघीस आणि चकाकी.

एक सांगतो. ही गेल्यापासून मी सकाळी उठून पलंगाच्या काठावर नुसता बसायचो. उठायचं कशासाठी, हे आठवायला वेळ लागायचा. हल्ली दात घासायच्या आधी मागच्या खोलीत जातो. हे तुझ्यामुळे झालं. तू त्या मोडक्या गिटारीचं लिहिलं नसतंस, तर मी अजून त्या काठावरच असतो.

आता ऐक. मीच घेऊन येतो. वीस एप्रिलची बस ठरवली आहे. त्याला सांगू नकोस. दार उघडल्यावर त्याचं तोंड बघायचं आहे.

बाबा

३ एप्रिल

बाबा,

हे पत्र बसून वाचा. रेडिओवाल्या भाऊंना जवळ बोलवून घेतलंत तर बरं.

ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं ऑगस्टमध्ये मशीनमध्ये गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, अर्ध्यातून. बाकी तब्येत चांगली आहे, हे अगदी खरं सांगते आहे. गिटार मोडली नव्हती. ह्यांनी ती देऊन टाकली, कारण घरात दिसली की जेवण जात नसे. तुम्हाला सांगायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं, पण त्यांच्यावर ढकलत नाही. मोडली असं मी लिहिलं, माझ्या हातानं.

माप झोपेत घेतलेलं नाही. ह्यांचे थंडीचे जुने हातमोजे आहेत. त्यातल्या डाव्यात कापूस भरला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून दोरा लावला. हे शेजारच्या खोलीत बातम्या बघत होते. त्या कापसावरून तुम्ही मान तासलीत, आणि चांगला पंजा आहे म्हणून लिहिलंत.

दर पत्राला ठरवायचे की या वेळी सांगायचंच. मग तुमचं पत्र यायचं, त्यात तुम्ही इतके खुशीत असायचात की वाटायचं, एवढा पुढचा थर होऊ दे. तुमच्यासाठी गप्प बसले असं स्वतःला सांगत होते. तेही धड खरं नाही. सांगायची हिंमत नव्हती, आणि तुमची पत्रं मला आवडायला लागली होती. ती बंद होतील याची भीती होती.

तुम्ही दारात गिटार घेऊन उभे आहात आणि हे हात पाठीमागे लपवताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून आज लिहिते आहे. क्षमा मागण्याइतकं तोंड नाही मला.

तुमची सून

९ एप्रिल

पत्र पोचलं. मी येत नाही. तिकीट परत केलं. तब्येत ठीक आहे.

बाबा

२५ एप्रिल

बाबा,

तुम्हाला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुमचा राग मी समजू शकते. पण जेवताय ना, एवढं तरी कुणाकडून कळवा.

ह्यांना परवा सगळं सांगितलं. तुमची पत्रं पुढे ठेवली. एक एक करून सगळी वाचली. मला वाटलं, शपथ मोडली म्हणून चिडतील. शपथेचा विषयही काढला नाही. म्हणाले, "तू त्यांना थरावर थर मारू दिलेस?" पुन्हा म्हणाले, "ते नाकाला फडकं बांधून फवारत होते, आणि तुला माहीत होतं?" मग उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस आमच्यात बोलणं नाही. आज सकाळी पाहिलं तर बॅग भरत होते. एका हातानं चेन ओढायला त्रास होतो, मी पुढे झाले तर नको म्हणाले.

तुमच्याकडे निघाले आहेत. हे पत्र पोचेपर्यंत पोचलेही असतील.

तुमची सून

२९ एप्रिल

फोन करणार होतो. पण बाबा समोर बसलेत, आणि मी फोनवर बोललो की त्यांना वाटतं त्यांच्याच चहाड्या चालल्या आहेत. शिवाय तुझ्याशी बोलायला तोंडही नाही. म्हणून लिहितो.

दार त्यांनी उघडलं. बॅग खाली ठेवायच्या आत माझा डावा हात धरला आणि खिडकीजवळ उजेडात नेला. कारखान्यात खराब झालेला नमुना हातात घेऊन बघायचे ना, तसा उलटा सुलटा करून बघितला. चाचपला. मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला सांगणार होतो." त्यांना ऐकू आलं नाही. "काय?" म्हणाले. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं त्या दिवशी." पुन्हा "काय?" मग मी ओरडलो. "माझी चूक झाली! माझं लक्ष नव्हतं, म्हणून बोटं गेली! मला तुमची लाज वाटली!" अख्ख्या इमारतीनं ऐकलं. जी गोष्ट मला तुझ्या कानातसुद्धा सांगता आली नव्हती, ती मी त्या घरात ओरडून सांगितली. रेडिओवाले काका जिना चढून धावत आले.

आणि बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली. चाळिशीच्या माणसाच्या! म्हणाले, "ही बोटांसाठी नाही. ऑगस्टपासून एकटा दुखणं काढलंस त्यासाठी." मग तिथेच स्टुलावर बसून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही.

गिटार छताला टांगलेली होती. तुझं पत्र आल्यापासून हात लावलेला नव्हता, वर धूळ बसलेली. मी नुसता बघत राहिलो. अशी मी दुकानातही पाहिलेली नाही. तू मला आधी का सांगितलं नाहीस, असं मनात आलं, आणि लगेच वाटलं, मी तुला कुठे सांगू दिलं होतं? दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, त्याचं फार वाईट वाटतं आहे. तू माझं खोटं वाहत होतीस.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती खाली काढली. मला म्हणाले, "उजव्या हातानं दाब, डाव्यानं छेड. तारा उलट्या चढवू." मी म्हटलं, "नाही जमणार." ते म्हणाले, "ऐकू आलं नाही." तीन वेळा म्हटलं, तिन्ही वेळा ऐकू आलं नाही. त्यासाठी तारांखालची खाचेची पट्टी नवी करावी लागली, पट्टा अडकवायची खुंटी अंगाच्या दुसऱ्या टोकावर, म्हणजे दुसऱ्या शिंगावर, न्यावी लागली. जुनं भोक बुजवलं, पण त्या चकचकीत लॅकरमध्ये तो ठिपका दिसतो. मी म्हटलं, फार दिसतंय. "दिसू दे," म्हणाले.

काल दिवसभर दोघांनी मिळून पाण्यातला पॉलिश पेपर मारला आणि चकाकी आणली. रेडिओवाल्या काकांनी चुंबकाचे डबे बसवून वायरी जोडल्या, त्यांच्याच दुकानातला स्पीकर आणला. मी एक सूर काढला. अगदी भिकार. बाबा वाकले, वरच्या शिंगाला दात टेकवले आणि डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "बेसूर आहे."

रविवारी येतो. गिटार घेऊन.

२० मे

सूनबाई,

बरेच दिवस तुला लिहिलं नाही. रागावलो होतो का? हो. तुझ्यावर जास्त, कारण तुझ्याकडून अपेक्षा नव्हती. मी इथे डासाचे विनोद लिहून पाठवतोय आणि तिकडे तू ते वाचून काय करत असशील, याचा विचार आला की अंगाची लाही व्हायची. वाटायचं, आपल्याला खेळणं देऊन बसवलं.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि माझी स्वतःची आठवली. दहा बोटांची फुशारकी मी त्याच्यापुढे आयुष्यभर मारली. तुलाही लिहून पाठवली. ज्याचं लक्ष ठिकाणावर असतं त्याची बोटं जात नाहीत, हे शब्द माझेच. ते वाचून तू पुढचं पत्र कसं लिहिलंस? आणि तो पोरगा दवाखान्यात पडलेला असताना त्याच्या डोक्यात काय होतं? दुखणं नाही, बापाचं हे वाक्य. मी त्याला कानाखाली मारली, ती खरं तर मलाच बसायला हवी होती.

लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. मला ते जमत नाही. तू मला फसवलंस, आणि त्याच महिन्यांत मी बऱ्याच दिवसांनी सुखात होतो. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला गेलो. होत नाहीत. सरस एकदा वाळला की जोड उकलता येत नाही, लाकूडच फाटतं. तेव्हा आहे तसं राहू दे.

फक्त ह्यापुढे माझी कीव करून मला गोड लिहू नकोस. म्हातारा आहे, बहिरा आहे, पण वाचता येतं.

तर आता खरं सांग. वाजवतो का?

बाबा

३० मे

बाबा,

खरं विचारलंत म्हणून खरं लिहिते. नाही वाजवत.

आणली त्या आठवड्यात रोज घेऊन बसायचे. उजव्या हाताची बोटं तारांवर दाबून सुजली. पहिल्यांदाच शिकणाऱ्याची असते तशी खडखड यायची. शिकणाऱ्याला ती चालते, पण ह्यांना आपण पूर्वी काय वाजवायचो ते आठवतं, तेच आडवं येतं. मग एका रविवारी मध्येच वायर उपटली. मला म्हणाले, "बाबांना लिही, झकास वाजते म्हणून." मी म्हटलं, "मी नाही लिहिणार. तुम्हाला लिहायचं तर तुम्ही लिहा." ते रागावले नाहीत. लिहिलंही नाही.

तेव्हापासून ती भिंतीला टेकून उभी आहे. मला भीती वाटते की हे वाचून तुम्ही मागच्या खोलीचं दार पुन्हा लावून घ्याल, आणि ते माझ्यामुळे होईल. कागद पाकिटात घालायला हात होत नाही. तरी घालते आहे.

काल एक पाहिलं, तेवढं सांगते. कामावरून आले, बूट न काढताच तिच्यापुढे उभे राहिले, आणि सदऱ्याच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली. मानेपासून खालपर्यंत, सावकाश, डाव्या हातानं. मग जेवायला बसले.

एवढंच झालं. ह्यापुढे काही झालेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमची सून